प्रणालीच्या फाइलींचे संपादन : अधिकार किती, कोणास आणि किती वेळ?

१. विषयप्रवेश

संगणकावरील ज्या फाइलींवर सर्व वापरकर्त्यांचा व्यवहार अवलंबून असतो, त्या फाइली सामान्यतः प्रशासकाच्या मालकीच्या असतात. लिनक्स प्रणालीत त्यांपैकी बहुतेक 'इटीसी' नावाच्या डिरेक्टरीत ठेवलेल्या आढळतात. कोणती तबकडी कोठे जोडावयाची, दूरस्थ प्रवेश कोणास द्यावयाचा, कोणती भाषा उपलब्ध करावयाची, ह्या सर्व गोष्टी तेथील साध्या मजकुराच्या फाइलींत नोंदलेल्या असतात. त्या फाइलींचा धनी 'रूट' हा सर्वाधिकारी वापरकर्ता होय. इतरांस त्या बहुधा वाचता येतात, परंतु बदलता येत नाहीत.

ह्यातून एक चमत्कारिक स्थिती उद्भवते. विद्यार्थी व्हीएस कोडसारख्या ग्राफिकल एडिटरात अशी फाइल उघडतो. ती निर्वेधपणे उघडते, कारण वाचण्याची परवानगी असते. तो तीत हवे ते फेरबदल करतो. एडिटर त्यासही आडकाठी करीत नाही, कारण ते फेरबदल अद्याप स्मृतीतच असतात. जतन करण्याची आज्ञा देताच मात्र परवानगी अपुरी असल्याचा संदेश उमटतो. अशा वेळी कोणती आज्ञा दिली म्हणजे फाइल जतन होईल, एवढाच प्रश्न सामान्यतः विचारला जातो आणि त्याची उत्तरेही पुष्कळ मिळतात. परंतु ती सर्व उत्तरे समान मोलाची नाहीत. काहींत एका फाइलीपुरता क्षणिक अधिकार दिला जातो, तर काहींत संपूर्ण संगणक लक्षावधी ओळींच्या एका कार्यक्रमाच्या स्वाधीन केला जातो. विभागाच्या प्रयोगशाळेत एकाच सर्व्हरवर अनेकांचे संशोधन साठविलेले असते. तेथे हा भेद उपेक्षणीय मानता येत नाही.

२. एक परिचित व्यवस्था

ह्या प्रश्नाचे मर्म समजण्यास महसुली दप्तराचे उदाहरण उपयोगी पडेल. नागपूर जिल्ह्यातील कोणत्याही गावचा सात-बारा घ्यावा. जमीन विकत घेणारा मनुष्य त्या उताऱ्यावर स्वतःचे नाव स्वतः लिहू शकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. तिच्या कलम १५० प्रमाणे बदल प्रथम फेरफाराच्या नोंदवहीत नोंदला जातो. ही नोंद तलाठी, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी असे पदनाम आहे, तो करतो. संबंधितांस नोटीस दिली जाते, हरकतींसाठी मुदत असते, आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यानंतरच मूळ अधिकार-अभिलेखात बदल होतो.

ह्या व्यवस्थेत तीन गोष्टी एकमेकींपासून अलग ठेवलेल्या दिसतात. मजकूर तयार करणे हे एक कार्य, तो तपासणे हे दुसरे, आणि मूळ अभिलेखात तो उतरविणे हे तिसरे. मूळ अभिलेखास हात लावण्याचा अधिकार फक्त तिसऱ्या कार्यास, आणि तोही नेमक्या नोंदीपुरता लागतो. प्रणालीच्या फाइलींच्या संपादनाचे जे मार्ग पुढे वर्णिले आहेत, त्यांची पारख ह्याच कसोटीवर करावयाची आहे.

३. मालकीची कल्पना आणि उसना अधिकार

युनिक्स प्रणालीचा आरंभ १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. तिच्यातील आणि तिच्या परंपरेतील लिनक्समधील प्रत्येक फाइलीस एक मालक व एक गट असतो. आणि मालक, गट व इतर ह्या तिघांसाठी वाचन, लेखन व कार्यवाही अशा तीन तीन परवानग्या नोंदलेल्या असतात. एखादी प्रक्रिया फाइल उघडू पाहते तेव्हा ती प्रक्रिया कोणाच्या नावाने चालली आहे एवढेच कर्नल पाहतो. कळफलकापुढे कोण बसले आहे किंवा त्याचा हेतू काय आहे, हे कर्नलास कळण्याचा मार्ग नाही.

ह्या कठोर व्यवस्थेत एक अडचण होती. सामान्य वापरकर्त्यास स्वतःचा परवलीचा शब्द तरी बदलता आला पाहिजे. परंतु तो ज्या फाइलीत असतो ती रूटच्या मालकीची. डेनिस रिची ह्यांनी ह्यावर असा तोडगा काढला की, विशिष्ट खूण असलेला कार्यक्रम कोणीही सुरू केला तरी तो त्या कार्यक्रमाच्या मालकाच्या अधिकाराने चालावा. ह्या युक्तीच्या स्वामित्वहक्कासाठी १९७३ मध्ये अर्ज करण्यात आला आणि १९७९ मध्ये तो मंजूर झाला. अधिकार व्यक्तीस न देता एका मर्यादित कार्यास द्यावा, हा विचार येथे यंत्ररूपाने स्पष्ट झाला. पुढे १९७५ मध्ये साल्ट्झर व श्रोडर ह्यांनी आपल्या सुप्रसिद्ध निबंधात प्रत्येक कार्यक्रमास व वापरकर्त्यास कामापुरताच किमान अधिकार असावा, हे तत्त्व सूत्ररूपाने मांडले.

'सुडो' ही आज्ञा ह्याच युक्तीवर उभी आहे. १९८० च्या सुमारास बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर ह्यांनी न्यूयॉर्क राज्याच्या बफेलो येथील विद्यापीठात ती प्रथम रचली. म्हणजे जगभर आज वापरात असलेले हे साधन एका विद्यापीठीय विभागाच्या सामायिक यंत्राच्या गरजेतून जन्मास आले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

४. त्याज्य मार्ग

पहिला त्याज्य मार्ग म्हणजे फाइलीची मालकी बदलणे किंवा ती सर्वांस लिहिण्यास खुली करणे. हा मार्ग सर्वांत सोपा दिसतो व म्हणूनच सर्वांत अधिक मोह पाडतो. परंतु कित्येक कार्यक्रम आपल्या फाइलींच्या परवानग्या स्वतः तपासून पाहतात. 'सुडोअर्स' ही फाइल सर्वांस लिहिण्यास खुली झाली की सुडो ती विश्वासार्ह मानीत नाही व काम करण्याचे नाकारते. परिणामी ज्या आज्ञेने चूक दुरुस्त करावयाची तीच आज्ञा बंद पडते. दूरस्थ प्रवेश देणारी एसएसएच ही सेवादेखील तिच्या गुप्त किल्ल्यांच्या फाइली इतरांस वाचण्यास खुल्या आढळल्यास त्या स्वीकारीत नाही. जेथे असा पहारा नाही तेथे परिणाम अधिकच वाईट होतो, कारण दोष कोणाच्या लक्षात न येता फाइल कायमची उघडी राहते.

दुसरा त्याज्य मार्ग म्हणजे संपूर्ण ग्राफिकल एडिटर रूटच्या नावाने सुरू करणे. जुन्या काळचे छोटे मजकूर-एडिटर आणि आजचे ग्राफिकल एडिटर ह्यांत महदंतर आहे. व्हीएस कोड हा इलेक्ट्रॉन ह्या चौकटीवर बांधलेला आहे आणि त्या चौकटीच्या पोटात क्रोमियम हा संपूर्ण वेब-ब्राउझर सामावलेला आहे. शिवाय त्यात निरनिराळ्या लेखकांनी रचलेली विस्तारके बसविलेली असतात. ही विस्तारके एडिटर ज्या नावाने चालतो त्या नावाच्या सर्व अधिकारांनिशी चालतात. एक ओळ बदलण्यासाठी एडिटर रूट झाला की रंगसंगतीचे विस्तारकही रूट होते, आणि एडिटरात उघडलेले टर्मिनलही रूटचेच असते. स्वतः व्हीएस कोड असा आरंभ प्रशस्त मानीत नाही. तो इशारा देऊन थांबतो आणि क्रोमियमचे संरक्षक कुंपण काढण्याचा व वेगळी विदा-डिरेक्टरी देण्याचा पर्याय मुद्दाम लिहिल्यावाचून पुढे जात नाही.

ह्यात आणखी दोन अडचणी आहेत. एडिटर आपली स्वतःची मांडणी वापरकर्त्याच्या गृह-डिरेक्टरीत लिहितो. तो रूट असताना लिहिलेल्या फाइली रूटच्या मालकीच्या होऊन बसतात आणि दुसऱ्या दिवशी सामान्य नावाने उघडलेल्या एडिटरास आपलीच मांडणी जतन करता येत नाही. दुसरी अडचण पडद्याच्या व्यवस्थेची आहे. एक्स-११ ह्या जुन्या पद्धतीत एकाच पडद्यावरील कार्यक्रमांस परस्परांचे कळफलक-संकेत ऐकता येतात व परस्परांकडे खोटे संकेत धाडताही येतात. म्हणून सामान्य खिडक्यांच्या शेजारी रूटची खिडकी उघडणे हेच मुळात धोक्याचे. नव्या वेलँड पद्धतीत हा दोष काढून टाकलेला आहे. ह्याच विचाराने 'जीकेसुडो' हे ग्राफिकल कार्यक्रम रूटच्या नावाने चालविणारे साधन २०१८ मध्ये डेबियन व उबुंटू ह्यांतून काढण्यात आले, आणि केडीईचा 'केट' हा एडिटर २०१७ पासून रूटच्या नावाने चालण्याचेच नाकारू लागला.

५. ग्राह्य मार्ग

(अ) 'सुडोएडिट'. हा मार्ग फेरफाराच्या पद्धतीस सर्वांत जवळचा आहे. सुडोएडिट प्रथम मूळ फाइलीची एक तात्पुरती प्रत काढते आणि ती वापरकर्त्याच्या मालकीची करते. मग वापरकर्त्याचा आवडता एडिटर त्याच्याच सामान्य अधिकाराने ती प्रत उघडतो. एडिटर बंद झाल्यावर प्रत बदलली आहे की नाही हे पाहिले जाते. बदलली असल्यास तिचा मजकूर मूळ फाइलीत उतरविला जातो आणि प्रत नष्ट केली जाते. एडिटर, त्याची विस्तारके व त्याचे टर्मिनल ह्यांपैकी कोणासही रूटचा अधिकार क्षणभरही मिळत नाही. मजकूर विद्यमान फाइलीतच लिहिला जात असल्याने मूळ मालकी व परवानग्या अबाधित राहतात. मूळ फाइलीत लिहिणे काही कारणाने अशक्य झाल्यास सुधारलेली प्रत राखून ठेवली जाते, म्हणजे केलेले काम वाया जात नाही.

ग्राफिकल एडिटर येथे योजताना एक गोष्ट अवश्य सांभाळावी लागते. कोणता एडिटर उघडावयाचा हे 'सुडो-एडिटर' ह्या चलात लिहून ठेवावयाचे असते. तेथे व्हीएस कोडची केवळ आज्ञा लिहिली तर ती आज्ञा आधीच उघड्या असलेल्या खिडकीकडे फाइल सोपवून तत्काळ परत येते. सुडोएडिटला वाटते की संपादन संपले. प्रत बदललेली नाही असे पाहून ती प्रत नष्ट करते, आणि वापरकर्ता अस्तित्वात नसलेल्या फाइलीत लिहीत बसतो. म्हणून आज्ञेबरोबर 'वेट' हा थांबण्याचा पर्याय देणे आवश्यक आहे. त्यायोगे आज्ञा टॅब बंद होईपर्यंत थांबून राहते. ह्याचा अर्थ असाही होतो की, एडिटरात जतन केल्याने मूळ फाइल बदलत नाही. टॅब बंद केल्यानंतरच ती बदलते. ज्यांस हे ठाऊक नसते ते जतन करून लगेच सेवा पुन्हा सुरू करतात आणि बदल लागू झाला नाही म्हणून बुचकळ्यात पडतात.

(आ) एडिटरातील वाढीव अधिकाराने जतन करण्याची सोय. व्हीएस कोडच्या जानेवारी २०१८ च्या आवृत्तीत ही सोय आली. जतन करताना परवानगी नाकारली गेली तर तेच काम सुडोने पुन्हा करण्याचे बटन दाखविले जाते. एडिटर तसाच सामान्य अधिकाराने चालू राहतो. मजकूर प्रथम एका तात्पुरत्या फाइलीत लिहिला जातो आणि परवलीचा शब्द दिल्यावर एक छोटी स्वतंत्र प्रक्रिया तो मूळ जागी उतरविते. विंडोजमध्ये हेच काम २००७ साली व्हिस्टाबरोबर आलेल्या अनुमती-खिडकीच्या द्वारे होते. जीनोममधील 'अ‍ॅडमिन' ह्या पत्त्याने फाइल उघडण्याची सोय आणि केटमधील तत्सम सोय ह्यांचेही तत्त्व हेच. व्यवहारात हा मार्ग सुटसुटीत आहे. मात्र ह्यात मजकुराची तपासणी कोणत्याही टप्प्यावर होत नाही.

(इ) तपासणीसह संपादन. सुडोअर्स ह्या फाइलीसाठी 'व्हिसुडो' ही स्वतंत्र आज्ञा आहे. ती एका वेळी एकासच संपादन करू देते, प्रतीवर काम करविते, आणि व्याकरण सदोष आढळल्यास प्रत मूळ जागी जाऊ न देता पुन्हा संपादनाचा पर्याय पुढे करते. मंडळ अधिकाऱ्याचे काम येथे यंत्रच करते. इतर फाइलींसाठी तपासणी वेगळी करावी लागते. एसएसएचच्या सेवेस व एनजिनएक्ससारख्या वेब-सर्व्हरास आपली मांडणी तपासून पाहण्याचा पर्याय असतो. तबकड्यांच्या जोडणीची 'एफएसटॅब' ही फाइल 'फाइंडमाउंट' ह्या आज्ञेने पडताळून पाहता येते. एफएसटॅबमधील एक चुकीची ओळ पुढच्या आरंभी यंत्र अर्ध्यावरच थांबवू शकते. यंत्र दुसऱ्या इमारतीत कुलपाआड असल्यास त्या चुकीची किंमत किती, हे सांगणे नलगे.

दूरस्थ सर्व्हरावर काम करताना आणखी एक मर्यादा जाणून घ्यावी. व्हीएस कोडचा दूरस्थ भाग सर्व्हरावर प्रवेश घेतलेल्या नावानेच चालतो आणि त्यास तेवढेच अधिकार असतात. त्यावर उपाय म्हणून थेट रूटच्या नावाने प्रवेश घेणे म्हणजे वर सांगितलेला दुसरा त्याज्य मार्गच दूरून चोखाळणे होय. अशा वेळी टर्मिनलातून सुडोएडिट वापरणे श्रेयस्कर.

६. मराठी वापरकर्त्याचे विशेष प्रश्न

मराठी शब्दसूचीवर काम करणाऱ्या संशोधकाचे उदाहरण घेऊ. युनिकोडमध्ये 'ळ' हा वर्ण 'ल' नंतर व 'व' च्या आधी येतो; मराठी वर्णमालेत मात्र तो 'ह' नंतर येतो. केवळ संकेतांकांच्या क्रमाने लावलेली सूची म्हणून मराठी कोशाच्या क्रमाशी जुळत नाही. शब्दांचा क्रम, महिन्यांची नावे व दिनांकाची पद्धत ह्या बाबी 'लोकेल' ह्या भाषानिहाय संकेतसंचावर अवलंबून असतात. डेबियन व उबुंटू ह्यांत मराठीचा संच उपलब्ध करण्यासाठी 'लोकेल-जेन' ह्या रूटच्या फाइलीतील मराठीच्या ओळीपुढील खूण काढावी लागते आणि नंतर संच निर्माण करण्याची आज्ञा द्यावी लागते. एका चिन्हाचे हे संपादन आहे. त्यासाठी सर्व एडिटर रूट करणे किती विषम आहे, हे ह्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

दुसरा प्रश्न अक्षरांचा आहे. मराठी कळफलक चालू असताना मांडणीच्या फाइलीत देवनागरी अंक पडू शकतात. मनुष्यास २२ हा अंक कोणत्याही लिपीत सारखाच. एसएसएचच्या सेवेस मात्र पोर्टाचा क्रमांक देवनागरी अंकांत आढळला की ती ओळ सदोष ठरते व सेवा सुरू होत नाही. ह्याहून कपटी म्हणजे अदृश्य अक्षरे. 'आचाऱ्यास' व 'आचार्यास' ह्यांतील भेद दाखविण्यासाठी, तसेच जोडाक्षरे सुटी ठेवण्यासाठी, मराठी लेखनात शून्य-रुंदीची जोड-अक्षरे व तोड-अक्षरे वापरली जातात. मराठी दस्तऐवजातून उतरवून घेतलेल्या ओळीबरोबर अशी अक्षरे मांडणीच्या फाइलीत आली तर डोळ्यांस ओळ निर्दोष दिसते, परंतु यंत्रास ती निराळी दिसते. ह्या बाबतीत ग्राफिकल एडिटराची उपयुक्तता मान्य केली पाहिजे. व्हीएस कोड २०२१ च्या अखेरच्या आवृत्त्यांपासून अदृश्य व फसव्या युनिकोड अक्षरांभोवती चौकट दाखवितो. म्हणजे रूटच्या फाइलींसाठी ग्राफिकल एडिटर वापरूच नये, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. त्याचे डोळे वापरावेत, परंतु त्याच्या हाती किल्ली देऊ नये.

७. मर्यादित अधिकारांच्या मर्यादा

विभागाच्या सर्व्हरावर एखाद्या विद्यार्थ्यास एकाच फाइलीचे संपादन सोपवावयाचे आहे, असे समजू. सुडोअर्समध्ये त्यास त्या फाइलीसाठी व्हिम हा एडिटर रूटच्या नावाने चालविण्याची मुभा दिली, तर मर्यादा केवळ कागदोपत्री राहते. कारण व्हिममधून शेल उघडता येते आणि ते शेल रूटचे असते. एका फाइलीची परवानगी अशा रीतीने सर्व संगणकाची परवानगी ठरते. म्हणून मुभा द्यावयाची ती सुडोएडिटची, आणि फाइलीचे पूर्ण नाव लिहून द्यावयाची.

तथापि सुडोएडिट निर्दोष आहे असेही नाही. सुडोमधील जुलै २०११ पासूनचा एक गंभीर दोष जानेवारी २०२१ मध्ये क्वालिस ह्या संस्थेने उघडकीस आणला. तो सुडोएडिटच्या वाटेनेच गाठता येत होता. जानेवारी २०२३ मध्ये आणखी एक दोष प्रसिद्ध झाला. एडिटरचे नाव लिहिण्याच्या चलात विशिष्ट चिन्ह घालून, ज्यास एकाच फाइलीची मुभा आहे असा वापरकर्ता दुसऱ्याही फाइली संपादू शकत होता. पोलकिटमधील 'पीकेएक्झेक' ह्या समांतर साधनातही २००९ पासूनचा दोष जानेवारी २०२२ मध्ये आढळला. हे दोष प्रसिद्धीबरोबरच दुरुस्त झाले. परंतु दुरुस्त आवृत्ती आपल्या यंत्रावर बसविली आहे की नाही, हे पाहण्याचे काम प्रशासकाचेच आहे.

शेवटी, काही फाइलींच्या बाबतीत मर्यादित अधिकार ही कल्पनाच लागू पडत नाही. सुडोअर्स, वापरकर्त्यांची यादी, ठरावीक वेळी रूटच्या नावाने चालणाऱ्या कामांची फाइल आणि सेवांच्या व्याख्या ह्यांपैकी कोणतीही एक ज्यास लिहिता येते, त्यास पुढच्या पायरीवर सर्व अधिकार मिळविता येतात. अशा फाइलीचे संपादन सोपविणे म्हणजे प्रशासकपद सोपविणे होय, हे ओळखूनच तो निर्णय घ्यावा.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून व्यवहारासाठी पुढील क्रम सुचविता येईल. बदल रूटच्या फाइलीवाचून साधत असल्यास, उदाहरणार्थ स्वतःच्या गृह-डिरेक्टरीतील मांडणीने, तोच मार्ग घ्यावा. तसे शक्य नसल्यास मूळ फाइलीस हात न लावता तिच्या पूरक डिरेक्टरीत स्वतंत्र छोटी फाइल ठेवता येते काय, हे पाहावे. सुडो व सिस्टिमडी ह्या दोहोंत तशी सोय आहे. मूळ फाइलच बदलणे प्राप्त असल्यास सुडोएडिट, आणि खास आज्ञा असल्यास ती, वापरावी. सेवा पुन्हा सुरू करण्यापूर्वी तपासणीची आज्ञा द्यावी, आणि दूरस्थ यंत्रावर काम करीत असताना नवी मांडणी चालते असे दुसऱ्या प्रवेशाने सिद्ध होईपर्यंत पहिला प्रवेश बंद करू नये.

फेरफाराच्या नोंदवहीचा एक गुण मात्र ह्यांपैकी कोणत्याही साधनात नाही. कोणता बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला, ह्याची नोंद ती वर्षानुवर्षे टिकविते. सुडोच्या नोंदींत आज्ञा व वेळ सापडते. बदलाचा आशय व हेतू सापडत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी जोई हेस ह्यांचे 'इटीसीकीपर' हे साधन २००७ पासून उपलब्ध आहे. ते संपूर्ण इटीसी डिरेक्टरी गिटसारख्या आवृत्ती-नोंदणीखाली ठेवते. सामायिक सर्व्हर असलेल्या प्रत्येक विभागाने ते बसवावे. विद्यार्थी दोन वर्षांनी निघून जातात आणि प्रशासकही बदलतात. त्यांनी बदललेली ओळ मात्र यंत्रात तशीच राहते, आणि ती तेथे का आहे हे पुढच्या मनुष्यास कळावयास हवे.